विजेची घागर आणि चिमूटभर परकें द्रव्य

माजिवड्याच्या नाक्यावर पूर्व द्रुतगति मार्ग आणि घोडबंदरचा रस्ता यांची गांठ पडते. पुलांवरून जाणारीं वाहनें पुढें निघून जातात. परंतु खालीं सिग्नलपाशीं जीं थांबतात तीं सर्व आपल्याजवळची कांहीं शक्ति तेथेंच सांडून ठेवतात. प्रवाशांनीं भरलेली बस वेगानें येते, ब्रेक लागतो, ब्रेकचे भाग तापतात आणि बस उभी राहते. क्षणापूर्वीं त्या वेगांत जी शक्ति होती ती उष्णता होऊन हवेंत विरली. दिवा हिरवा झाला कीं तितकीच शक्ति नव्यानें खर्चून बस पुन्हां हलवावयाची. हा उधळेपणा दिवसभर चालतो, आणि त्याची किंमत इंधनाच्या रूपानें आपणच देतों.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनीं या उधळेपणास बराच आळा घातला आहे. ब्रेक लावतांना त्यांची मोटार उलट काम करूं लागते, चाकांच्या फिरण्यापासून वीज निर्माण करते, आणि ती वीज बॅटरींत परत जाते. अडचण एवढीच कीं, हें दान एकदम पदरांत पडतें. पांचसहा सेकंदांत आलेला विजेचा लोंढा सामावून घेणें बॅटरीच्या प्रकृतीस फारसें मानवत नाहीं. त्यासाठीं क्षणांत भरणारें, क्षणांत रितें होणारें आणि लाखों वेळां भरलें-रितें केलें तरी सहसा न झिजणारें एखादें पात्र हवें. असें पात्र आहे. त्याचें नांव सुपरकपॅसिटर. या महिन्यांत त्याच्याविषयीं, आणि विशेषतः त्याच्या घटकांत चिमूटभर परकें द्रव्य मिसळून त्याचा गुण वाढविण्याच्या खटपटीविषयीं, चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

विषय कांहींसा रुक्ष वाटेल. परंतु तो वाटतो तितका घरापासून दूर नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कुटुंबांत आज कोणी मुलगी, कोणी सून, कोणी पुतण्या पदार्थविज्ञानांत अथवा रसायनशास्त्रांत पीएच्.डी.साठीं झटत असेल. महाराष्ट्रांतील विद्यापीठांत या शाखांचे जे प्रबंध लिहिले जातात त्यांत, अमक्या धातूच्या डोपिंगनें तमक्या ऑक्साइडच्या सुपरकपॅसिटरास उपयोगी गुणांत सुधारणा, अशा अर्थाच्या मथळ्यांचे प्रबंध थोडेथोडके नाहींत. घरांतील वडील मंडळींस डोपिंग हा शब्द वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावरून ठाऊक असतो. त्यामुळें आपल्या नातीनें चार वर्षें डोपिंग करण्यांत घालविलीं हें ऐकून आजोबांच्या कपाळाला आठी पडली तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. ती नेमकें काय करते, त्याचा उपयोग कोणता, आणि तिचें काम खरोखर चांगलें झालें हें ओळखावें कसें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरांतील सर्वांस ठाऊक असावींत असें आम्हांस वाटतें.

बॅटरी ही विहिरीसारखी आहे आणि सुपरकपॅसिटर हा दाराशीं भरून ठेवलेल्या घागरीसारखा आहे. विहिरींत पाणी पुष्कळ, पण तें झऱ्यांच्या गतीनें येणार आणि रहाटाच्या गतीनें निघणार. घागरींत पाणी थोडें, पण भरावयास आणि ओतावयास वेळ लागत नाहीं. बॅटरींत वीज सांठवावयाची म्हणजे तिच्या घटकद्रव्यांत प्रत्यक्ष रासायनिक पालट घडवावा लागतो. मोबाईलच्या बॅटरींत लिथियमचे आयन द्रव्याच्या पोटांत शिरतात आणि पुन्हां बाहेर पडतात. या ये-जा करण्यानें द्रव्य फुगतें, आकसतें, आणि कांहीं शें ते कांहीं हजार आवृत्तींनंतर थकतें.

सुपरकपॅसिटरची मूळ योजना निराळी आहे. त्यांत सच्छिद्र कार्बनाचीं दोन विद्युदग्रें, ज्यांस व्यवहारांत इलेक्ट्रोड म्हणतात, आयनयुक्त द्रावांत ठेवलेलीं असतात. एकास धन आणि दुसऱ्यास ऋण भार दिला कीं द्रावांतील विरुद्ध भाराचे आयन त्या त्या पृष्ठभागापाशीं येऊन ओळीनें उभे राहतात. ते द्रव्याच्या पोटांत शिरत नाहींत. अंगास लागून उभे राहतात आणि भार काढून घेतला कीं पांगतात. पृष्ठभागावर भाराची एक ओळ आणि तिच्यासमोर आयनांची दुसरी ओळ, या जोडीस द्विस्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८५३ सालींच या द्विस्तराची कल्पना मांडली होती. दोन ओळींमधील अंतर मीटरच्या अब्जांशाहूनही कमी असतें, आणि अंतर जितकें कमी तितकी धारणाशक्ति अधिक. या धारणाशक्तीचें माप फॅरड या एककानें करतात.

यावरून ध्यानांत येईल कीं, येथें सारा भर पृष्ठभागावर आहे. उभें राहावयास जागाच नसेल तर आयन येऊन करणार काय? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून विद्युदग्रासाठीं असा कार्बन लागतो कीं ज्याच्या एका ग्रॅमच्या आंत सूक्ष्म छिद्रांचें अफाट जाळें असेल. हजार-बाराशें चौरस मीटर पृष्ठभाग एका ग्रॅमांत सहज मावतो. ठाण्यांतील साडेसहाशें चौरस फुटांचीं वीस बिऱ्हाडें एकाशेजारीं एक मांडलीं तर जेवढी जमीन व्यापतील, तेवढा पृष्ठभाग चिमटींत धरतां येईल अशा या काळ्या भुकटींत असतो. बाजारांत मिळणाऱ्या सुपरकपॅसिटरांत पुष्कळदां नारळाच्या करवंटीपासून केलेला कार्बन वापरतात. तेव्हां आपल्या कोंकणांतील चुलींत जळणारी करवंटी ही विद्येच्या दृष्टीनें अगदींच टाकाऊ वस्तु नव्हे.

अशा सच्छिद्र कार्बनाच्या विद्युदग्रांचा पहिला पेटंट अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांच्या नांवें १९५७ सालीं नोंदला गेला. पुढें जपानांत १९७० नंतरच्या दशकांत ही वस्तु बाजारांत आली. शांघाय शहरांत २००६ सालापासून अशा बसगाड्या धांवूं लागल्या कीं ज्या थांब्यावर प्रवासी चढतउतरत असतांनाच वीज भरून घेत आणि पुढील थांबा गांठीत. एअरबस ए-३८० या प्रचंड विमानाचीं आणीबाणीचीं दारें उघडण्यासाठीं, पवनचक्क्यांचीं पातीं वादळांत वळविण्यासाठीं, आणि वीज अकस्मात् गेली असतां यंत्रांची स्मृति राखण्यासाठीं या पात्रांची योजना केलेली आहे. आपल्या देशांतही केरळांतील कण्णूर येथें केल्ट्रॉन या सरकारी कंपनीनें इस्रोच्या तंत्रज्ञानाच्या आधारें सुपरकपॅसिटरांचा कारखाना २०२४ सालीं सुरू केला.

तथापि या घागरीचें तोंड मोठें असलें तरी पोट लहान आहे, हें विसरूं नये. बाजारांतील ३,००० फॅरडचा, २.७ व्होल्टचा एक डबा घेतला तर त्याचें वजन सुमारें अर्धा किलो भरतें, आणि त्यांत मावणारी शक्ति हिशेबानें ३ वॉट-तास येते. म्हणजे ९ वॉटचा एल्.ई.डी. दिवा तिच्यावर वीस मिनिटें जळेल. उलट हातांतील मोबाईलची पन्नाससाठ ग्रॅमची बॅटरी १५ वॉट-तास शक्ति बाळगून असते. तो अर्धा किलोचा डबा मात्र मिनिटाच्या आंत भरतो आणि दहा लाख वेळां भरला-रिकामा केला तरी कामास येतो. तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, घागरीचा हा चपळपणा कायम ठेवून तिचें पोट वाढवितां येईल काय? जगभर जी खटपट चालू आहे ती यासाठीं, आणि डोपिंग हा त्या खटपटीचा एक मार्ग आहे.

आपल्या प्रांतांतील एक प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत सतीशचंद्र ओगले आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं कडुनिंबाच्या गळलेल्या वाळक्या पानांपासून विद्युदग्राचा कार्बन तयार केला. सामान्यतः असा कार्बन सच्छिद्र करण्यासाठीं त्यावर दाहक पोटॅश अथवा वाफ यांची वेगळी क्रिया करावी लागते. येथें तिची गरजच पडली नाहीं. पानें दळून, ती भुकटी हवा न लागतां तापविली, एवढ्यानेंच ग्रॅमला सुमारें १,२३० चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला आणि आम्लाच्या द्रावांत ग्रॅमला ४०० फॅरड धारणाशक्ति आढळली. पानांत मूळचींच असलेलीं धातूंचीं आणि सेंद्रिय द्रव्यें छिद्रें पाडण्याचें काम आपण होऊन करतात, असा या संशोधकांचा निष्कर्ष होता. त्यांनीं अशोकाचीं पानेंही तपासलीं. तीं कडुनिंबासारखीं ठरलीं नाहींत. पान तेंच दिसलें तरी त्यांतील क्षार निराळे, म्हणून कार्बन निराळा. याला काटेकोर अर्थानें डोपिंग म्हणतां येणार नाहीं. परंतु अल्प प्रमाणांत असलेलें दुसरें द्रव्य मुख्य द्रव्याचें भवितव्य कसें ठरवितें, हें यावरून उत्तम प्रकारें कळतें. अंगणांत रोज झाडून टाकल्या जाणाऱ्या पानांची ही योग्यता वाचून आमच्या गृहिणी वाचकांस मौज वाटेल.

ठाण्याच्या आसपासही कार्बनावरील असे प्रयोग झालेले आहेत. माजिवड्यास लागून कापूरबावडी आहे. तिच्या नांवांतील कापूर आणि पुढील गोष्ट यांचा संबंध केवळ योगायोगाचा. तेथून फार दूर नसलेल्या पवईच्या आय.आय.टी.त देवापुढें जाळावयाच्या कापरापासून फुलरीन हे चेंडूच्या आकाराचे कार्बनाचे रेणु तयार केल्याचें वृत्त १९९४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढें कापरापासून कार्बनाच्या सूक्ष्म नळ्याही करण्यांत आल्या. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयांतही वनस्पतिज द्रव्यांपासून असे सूक्ष्म कार्बन बनविण्याचें संशोधन झालें आहे. म्हणजे ज्या विद्येची आपण चर्चा करीत आहों ती केवळ परदेशांतून पार्सलानें येते असें नव्हे.

आतां डोपिंगचा खरा अर्थ पाहूं. आपल्या घरांतील बांगड्या चोवीस कॅरटच्या नसतात. शुद्ध सोनें मऊ. म्हणून सोनार बावीस भाग सोन्यांत दोन भाग तांबें वा रुपें मिसळतो आणि दागिना टिकाऊ होतो. तांब्याचे अणु सोन्याच्या अणूंच्या रांगेंत, त्यांच्याच जागीं जाऊन बसतात. सोनें सोनेंच राहतें, पण त्याचा स्वभाव पालटतो. डोपिंग म्हणजे हेंच: एका द्रव्याच्या अणूंच्या सुव्यवस्थित रचनेंत दुसऱ्या द्रव्याचे थोडे अणु मुद्दाम बसविणें, आणि त्यायोगें पहिल्याचा गुण आपल्यास हवा तसा वळविणें. सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागें फॉस्फरसचा एखादा अणु घातला तरी त्याची वीजवाहकता पुष्कळ पटींनीं वाढते. सारा संगणकाचा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे. सुपरकपॅसिटरच्या विद्युदग्रांत मात्र इतकी सूक्ष्म मात्रा पुरत नाहीं. तेथें साधारणतः शेंकडा एकापासून दहापर्यंत प्रमाण लागतें.

कार्बनाच्या बाबतींत हा पाहुणा बहुधा नायट्रोजन असतो. कार्बनाच्या अणूजवळ देवघेवीस चार इलेक्ट्रॉन असतात, नायट्रोजनाजवळ पांच. चार-चार लाडू वाढलेल्या पंगतींत एखाद्यानें पांच लाडूंचें पान घेऊन बसावें, तसा नायट्रोजन कार्बनाच्या जाळ्यांत बसतो, आणि त्याचा जास्तीचा लाडू पंगतींत हातोहात फिरूं लागतो. वीज वाहण्यास सुलभ होते. जाळ्याच्या मध्यभागीं न बसतां तो कांठावर बसला तर निराळाच लाभ होतो. तेथें तो द्रावांतील आयनांशीं झटपट रासायनिक देवघेव करतो, आणि नुसत्या उभ्या राहणाऱ्या ओळींच्या जोडीस ही अधिक सांठवण मिळते. शिवाय तेलकट भांड्यावर पाणी थेंबांनीं राहतें तसें शुद्ध कार्बनावर होऊं पाहतें. नायट्रोजन असला म्हणजे पाणी नीट पसरतें आणि बारीक छिद्रांपर्यंत पोंचतें. कोरियांतील संशोधकांनीं २०११ सालीं ग्राफीन या कार्बनाच्या एकपदरी रूपांत प्लाझ्माच्या साह्यानें नायट्रोजन घातला, तेव्हां त्याची धारणाशक्ति सुमारें चौपट होऊन ग्रॅमला २८० फॅरडपर्यंत गेली. यासाठीं लागणारा नायट्रोजन कांहीं प्रयोगांत अमोनियापासून, तर कांहींत शेतकऱ्याच्या परिचयाच्या युरियापासूनही मिळवितात.

परंतु अति तेथें माती हा नियम येथेंही चुकत नाहीं. पाहुणे वाढले कीं पंगतीची शिस्त मोडते. नायट्रोजन फार झाला तर कार्बनाचें जाळें जागोजागीं तुटतें आणि जी वीजवाहकता वाढावयाची तीच घटते. उष्णता कमी दिली तर कार्बन नीट तयार होत नाहीं, आणि फार दिली तर घातलेला नायट्रोजन उडून जातो. पाकाची तार साधणाऱ्या सुगरणीस जो नेमकेपणा लागतो तोच येथें लागतो, आणि प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचे महिनेच्या महिने ही तार साधण्यांतच जातात.

दुसरा मोठा वर्ग धातूंच्या ऑक्साइडांचा. यांत आयन पृष्ठभागाशीं रासायनिक देवघेव करतात, म्हणून कार्बनापेक्षां सांठवण अधिक. रुथेनियम या धातूचें पाणीदार ऑक्साइड सर्वांत गुणी. १९९५ सालीं त्यांत ग्रॅमला ७२० फॅरड धारणाशक्ति मोजण्यांत आली. पण रुथेनियम हा प्लॅटिनमच्या कुळांतील दुर्मिळ धातु असल्यामुळें त्याची घागर करणें म्हणजे सोन्याच्या घागरीनें झाडांना पाणी घालण्यासारखें आहे. स्वस्त आणि निरुपद्रवी असें मँगॅनीज डायऑक्साइड आपल्याकडे मुबलक आहे. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनीजच्या खाणी आहेत, आणि भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग येथें तर हें ऑक्साइड विजेच्या क्रियेनें शुद्ध स्वरूपांत तयार होतें. टॉर्चच्या सेलमधील काळी पूड ती हीच. याची हिशेबी धारणाशक्ति ग्रॅमला सुमारें १,३७० फॅरड; हातीं मात्र त्याचा लहानसा अंशच लागतो. कारण हें द्रव्य विजेचें फार मंद वाहक आहे. वरच्या पातळ थरापुरतें काम होतें आणि आंतील द्रव्य निजून राहतें. त्याला जागें करण्यासाठीं लोह, कोबाल्ट, निकेल, तांबें, रुपें यांचे अणु त्यांत बसविण्याचे प्रयोग झाले आहेत. जपानमधील तोहोकू विद्यापीठांत २०१३ सालीं प्रत्यक्ष सोन्याचे अणु बसवून त्याची धारणाशक्ति पुष्कळ वाढविण्यांत आली.

या ऑक्साइडांच्या पातळ फिती करण्याच्या कामांत कोल्हापूरचें नांव घेतलें पाहिजे. शिवाजी विद्यापीठांत प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनें महागड्या निर्वात यंत्रांवांचून, साध्या कांचपात्रांत, कोंबट द्रावांतून ऑक्साइडांचे थर धातूच्या पट्टीवर बसविण्याच्या पद्धतींवर पुष्कळ वर्षें काम केलें. एका पद्धतींत पट्टी द्रावांत ठेवून द्यावयाची. दुसरींत ती एका द्रावांतून दुसऱ्या द्रावांत पुनःपुन्हां बुडवावयाची, ज्यायोगें दर खेपेस एक पदर चढतो. डोपिंग करावयाचें झाल्यास द्रावांत दुसऱ्या धातूच्या क्षाराची मोजकी मात्रा मिसळावी, कीं तो धातु थराबरोबरच उतरतो. साधन थोडें आणि बुद्धि व चिकाटी पुष्कळ, अशी ही पद्धति असल्यामुळें तालुक्याच्या गांवचा विद्यार्थीही या विद्येंत हात घालूं शकला. महाराष्ट्रांत या विषयाचे प्रबंध इतके कां, याचें एक कारण येथें सांपडेल.

आतां आमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं; आणि या लेखांत आम्हांस मुख्यतः सांगावयाचें तें येथेंच आहे. परक्या द्रव्यानें गुण वाढतो हें खरें. परंतु वाढलेल्या गुणाचें श्रेय त्या द्रव्याचेंच आहे हें सिद्ध करणें, हा संशोधनाचा निम्म्याहून अधिक भाग आहे. घरांत कोणाचा ताप उतरला म्हणजे तो वैद्याच्या काढ्यानें उतरला कीं मुदत भरली म्हणून उतरला, हा वाद आपण ऐकलेलाच आहे. येथेंही तसेंच आहे. द्रावांत कोबाल्टचा क्षार घातला म्हणजे कधीं कधीं ऑक्साइडचे कण बारीक होतात. कण बारीक झाले कीं पृष्ठभाग वाढतो, आणि पृष्ठभाग वाढला कीं धारणाशक्ति आपोआप वाढते. मग श्रेय कोबाल्टचें कीं बारीक कणांचें? म्हणून पहिली कसोटी ही कीं, परकें द्रव्य न घातलेला नमुना त्याच रीतीनें, तितक्याच वजनाचा करून त्याचा पृष्ठभागही मोजलेला असावा. दुसरी कसोटी, तें द्रव्य खरोखर रचनेच्या आंत बसलें आहे, नुसतें बाहेर चिकटलेलें नाहीं, हें क्ष-किरणांच्या परीक्षेनें दाखविलेलें असावें.

तिसरी कसोटी वजनाची. चौरस सेंटिमीटरवर मिलिग्रॅमचा पांचवा हिस्सा एवढा पातळ थर दिला तर त्याचा कण न् कण कामास येतो, आणि ग्रॅममागील आंकडा डोळे दिपविणारा निघतो. विकावयाच्या पात्रांत सुमारें दहा मिलिग्रॅमचा जाड थर लागतो, आणि तेथें तोच आंकडा बराच खालीं येतो. वाटीभर खिरींत साधलेली चव शंभर पानांच्या खिरींत साधेलच असें नाहीं, हें कोणत्याही आजीस ठाऊक आहे.

चौथी कसोटी हिशेबाची. ग्रॅमला ४०० फॅरड आणि एक व्होल्ट दाब धरून गणित केलें तर किलोमागें सुमारें ५५ वॉट-तास शक्ति येते. हा आंकडा खोटा नव्हे, पण तो एकट्या विद्युदग्राच्या द्रव्याचा आहे. पात्रांत विद्युदग्रें दोन लागतात. दोन्ही सारखीं घेऊन त्यांचें एकत्र वजन धरलें तर त्याच एका व्होल्टला धारणाशक्ति चौथाईवर येते, आणि शक्ति १४ वॉट-तासांच्या आसपास राहते. त्यावर द्राव, पडदा, धातूच्या पट्ट्या आणि डबा यांचें वजन चढलें कीं ती आणखी उतरते. उलट दाब वाढविला तर शक्ति वर्गाच्या प्रमाणांत वाढते. परंतु पाणी सव्वा व्होल्टच्या सुमारास फुटूं लागतें, म्हणून पाण्याच्या द्रावास मर्यादा आहे. बाजारांतील पात्रांत २.७ व्होल्ट सोसणारा सेंद्रिय द्राव घालतात तो याचसाठीं. युरी गोगोत्सी आणि पात्रिस सिमोन या दोघां प्रसिद्ध संशोधकांनीं २०११ सालीं "सायन्स" नियतकालिकांत लेख लिहून ग्रॅममागच्या आंकड्यांनीं होणाऱ्या या दिशाभुलीकडे सर्वांचें लक्ष वेधलें होतें.

पांचवी कसोटी नांवाची. निकेल व कोबाल्ट यांचीं पुष्कळ ऑक्साइडें अल्कलीच्या द्रावांत वस्तुतः बॅटरीसारखीं वागतात. त्यांची शक्ति ठराविक दाबाशींच बाहेर पडते. त्यांचें माप फॅरडांत सांगणें म्हणजे विहिरीचें पाणी घागरींच्या मापानें सांगून तिला घागर म्हणण्यासारखें आहे, ही गोष्ट २०१५ सालापासून जाणत्यांनीं स्पष्टपणें मांडली आहे. शिवाय अशा प्रयोगांत निकेलचा जो सच्छिद्र आधार वापरतात तोही स्वतः थोडी वीज सांठवितो. ती वजा न केल्यास आधाराचें पुण्य थराच्या पदरीं पडतें.

या पांच गोष्टी आम्हीं कोणाचें काम उणें ठरविण्यासाठीं लिहिल्या नाहींत. उलट ज्या विद्यार्थिनीनें त्या पाळल्या तिचा आंकडा पुष्कळदां तिच्या मैत्रिणीच्या आंकड्याहून लहान दिसतो, आणि तिला घरीं व बाहेर खालीं मान घालावी लागते. हा अन्याय दूर व्हावा एवढाच हेतु आहे. प्रसिद्धीसाठीं मोठा आंकडा हवा, पदवीसाठीं प्रसिद्धि हवी, आणि लग्नाचें वय वा नोकरीची घाई यांमुळें पदवी लवकर हवी, अशी ही सांखळी घरापर्यंत येऊन पोंचते. आपण घरांतील माणसें त्या सांखळीचा शेवटचा दुवा आहों. आम्हीं जर नुसता आंकडा विचारला तर मुलगी आंकडाच आणून देईल. तिनें विद्युदग्रावर जाड थर देऊन, दोन विद्युदग्रांचें पूर्ण पात्र करून, दहा हजार वेळां भरून-रितें करून मग ग्रॅममागें शंभरच फॅरड सांगितले, तर तें काम वाऱ्यावर उडणाऱ्या पातळ थराच्या हजारांहून मोलाचें आहे, हें आम्हांस कळलें पाहिजे. कारखानदार ज्याच्या भरंवशावर पैसा घालतो तो आंकडा हाच.

माजिवड्याच्या नाक्यावर वायां जाणारी शक्ति वांचवावयाची तर असे भरंवशाचे आंकडे पुष्कळ हवेत. कडुनिंबाचें पान, नारळाची करवंटी, भंडाऱ्याचें मँगॅनीज, कोल्हापूरची साधी पद्धति हें सर्व भांडवल आपल्या दाराशीं आहे. त्यांत घालावयाची चिमूट कोणती आणि केवढी, हें शोधणारी बुद्धि आपल्या घरांत आहे. आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, पुढच्या वेळीं घरांतील प्रबंध पुरा झाल्याची वार्ता आली म्हणजे पेढे अवश्य वाटावेत, पण त्यापूर्वीं आजोबांनीं नातीस जवळ बसवून विचारावें: "बाळ, परकें द्रव्य न घालतां किती आलें होतें, आणि थर केवढा जाड होता?" ज्या मुलीनें मन लावून काम केलें असेल तिला हा प्रश्न ऐकून राग येणार नाहीं. घरांत कोणीतरी आपलें काम समजून घेतलें, याचाच तिला आनंद होईल.